अंतिम तपासणी कोण करतं?

६ जानेवारी

काका,

सुखरूप पोचले. फोनवर काकूला सगळं सांगितलंय, पण तुम्ही नेहमीसारखे "कामात" होतात. म्हणून तुमच्यासाठी हे वेगळं पत्र.

आपलं दालन म्हणजे एका अवाढव्य गोदामातला कोपरा आहे. निर्यात योजनेने आपल्यासारखे बारा छोटे कारखाने एकत्र आणलेत आणि प्रत्येकाला दोन टेबलं, एक दिवा आणि पाटीवर हातभर जागा दिलीय. निम्मं भाडं योजना भरते. एकट्याने यायचं म्हटलं असतं तर ऐरणसुद्धा विकावी लागली असती. डावीकडे ब्रश करणारे बापलेक आहेत, दिवसभर एकमेकांवर खेकसतात आणि एकाच डब्यातून जेवतात. उजवीकडे लाकडी बटणं करणारी एक बाई आहे. पहिल्या दिवशी आम्ही सगळे अंग चोरून उभे होतो, बिनबोलावता लग्नाला आल्यासारखे.

एक मात्र सांगते, रागावू नका. तुम्ही आपल्या साठ कात्र्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवल्यात ना, बोटीवरच्या दमट हवेने चौदा कात्र्यांवर गंजाचे ठिपके आले. पेटी उघडली आणि मी एकेक कात्री दिव्याखाली धरून बघत राहिले. आमच्या योजनेच्या सल्लागार बाई शेजारी उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. बाह्या वर करून माझ्याबरोबर बसल्या आणि आम्ही दोघींनी बारीक पॉलिशने सगळे ठिपके काढले. मग त्यांनी मेणकागदात कसं गुंडाळायचं, आत ओल शोषणारी पुडी कशी ठेवायची ते दाखवलं. "हे सगळेच एकदा चुकतात," म्हणाल्या, "म्हणून तर आम्ही आहोत."

काका, मी योजनेचं प्रशिक्षण संपवून चार दिवस घरी आले होते, तेव्हा तुम्ही माझ्याशी चार वाक्यंही धड बोलला नाहीत. ऐरणीकडे तोंड करून बसून राहिलात. माल परदेशी पाठवायचं खूळ माझं, हे मला कबूल आहे. पण फॉर्मवर सही तुम्हीच केली होतीत. अजून रुसला आहात का? फोनवर या एकदा.

तुमची,
भिंगरी


१८ जानेवारी

भिंगरे,

मी रुसलेलो नाही. रुसायला फावला वेळ लागतो, तो माझ्याकडे कुठला? फोनचं म्हणशील तर मला ते यंत्र कधी आवडलं नाही. माणूस "हॅलो" म्हणेपर्यंत निम्मं बोलणं संपतं आणि उरलेलं "बरं, ठेवते" मध्ये जातं. पत्र बरं. दोनदा वाचता येतं. तुझं मी चारदा वाचलं.

वर्तमानपत्राबद्दल माझं चुकलं. माझ्या वडिलांपासून आपण तसंच गुंडाळत आलो, पण आपल्या कात्र्या तेव्हा बाजारपेठेपलीकडे गेल्याच कुठे होत्या? मेणकागद मागवला आहे. त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

परवा योजनेचा एक तरुण अधिकारी कारखाना बघायला आला होता. मुलगा सज्जन, पण हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. काकूच त्याच्याशी बोलली. त्याच्याकडे पाच पानी फॉर्म होता. पोलाद कुठून घेता, महिन्याला किती कात्र्या होतात, आग लागली तर बाहेर कुठून पडणार. आपल्या कारखान्याला दार एकच आहे, त्यामुळे या प्रश्नावर फार वेळ गेला नाही. शेवटी एक प्रश्न होता, "अंतिम तपासणी कोण करतं?" तो मी स्वतः वाचला आणि स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहिलं. "मालक स्वतः. कानाने." त्याला काही उमगेना. मग मी एक कात्री घेऊन त्याच्यासमोर सावकाश मिटवली. पाती मुळापासून टोकापर्यंत एकाच आवाजात सरकली तर पात्यांना दिलेला बाक, म्हणजे वळण, बरोबर, मध्ये कुठे कुरकुरली तर पुन्हा ऐरणीवर. तोंड उघडं टाकून बघत राहिला.

घरी सगळं ठीक आहे. तुझी काकू हल्ली भाजीची परडी घेऊन माझ्या ऐरणीशेजारी येऊन बसते. तुझ्यावाचून घरात करमत नाही म्हणते. भाजी कमी निवडते आणि माझ्या कामात नाक जास्त खुपसते.

गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. तिकडे थंडी असते म्हणतात.

तुझा,
काका


१ फेब्रुवारी

काका,

बसलात का? बसा आधी.

शिंप्यांची हत्यारं विकणारी एक म्हातारी दुकानदारीण आहे. या शहरातले सगळे जुने शिंपी तिच्याकडे जातात. ती आपल्या टेबलाशी आली, एक कात्री उचलली आणि तुमच्यासारखीच कानाशी धरून मिटवली. मग दुसरी घेतली, मग तिसरी. अर्ध्या तासाने साठच्या साठ कात्र्या घेऊन गेली! आपल्या शिंप्यांना तीन आठवडे वापरायला देणार आहे. पसंत पडल्या तर वर्षाला सहाशे घेईन म्हणाली.

त्याच्या आदल्याच दिवशी एक गुळगुळीत बोलणारा व्यापारी आला होता. पाच हजार कात्र्या, दोन महिन्यांत. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखालून सल्लागार बाईंनी माझं मनगट असं दाबलं की "हो" घशातच राहिलं. तो गेल्यावर त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "महिन्याला किती करता?" सत्तर. "मग पाच हजाराला किती लागतील?" सहा वर्षं लागतील, काका! कोणाला विकायचं हे त्या शिकवतातच, पण कोणाला नाही म्हणायचं हेही त्याच शिकवतात.

आता खरी बातमी. एप्रिलमध्ये त्या दुकानात प्रात्यक्षिक ठेवायचं ठरतंय. म्हातारीची एकच अट आहे. जो माणूस या कात्र्या तपासतो त्याला तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. योजनेत एका कारागिराचा येण्याजाण्याचा पूर्ण खर्च मिळतो. मी तुम्हाला विचारलं नाही, सरळ नाव देऊन टाकलं! "कानाने कात्री तपासणारे कारागीर" असं लिहिलंय. पाटीसुद्धा रंगवायला दिली. ब्रशवाल्या बापाने तर आतापासून सगळ्यांना सांगायला सुरुवात केलीय की आमच्याकडे एक उस्ताद येणार आहेत.

मोज्यांचे तीन जोड आणा. बाकी सगळं इथे आहे.

तुमची,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरी,

मी येणार नाही. माझं नाव काढून टाक आणि पाटी रंगवणाऱ्याला थांबव.

माझे गुडघे दुखतात. इतका लांबचा प्रवास मला झेपायचा नाही. शिवाय कारखाना कोणाच्या भरवशावर सोडू? विचारल्याशिवाय दुसऱ्याचं नाव देऊ नये एवढं तरी तुला कळायला हवं होतं.

बाकी क्षेम.

काका


२३ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र मी टेबलापाशी उभ्याउभ्याच वाचलं. बटणवाल्या बाईने विचारलं, घरी कोणी गेलं का. माझा चेहरा तसा झाला असणार.

विचारायला हवं होतं. चुकलं माझं, माफी मागते. पण गुडघ्यांचं कारण मला देऊ नका. गेल्या वर्षी तुम्ही छपरावर चढून पत्रे बसवलेत.

मी सहा वर्षांची असताना बाबा गेले, आई त्याआधीच गेलेली. तुम्ही मला ऐरणीशेजारच्या खोक्यावर बसवलंत आणि हातात हातोडी दिलीत. शाळेतून आले की बाक द्यायला शिकवलंत. मोडक्या कात्र्यांवर, पण खऱ्या हातोडीने. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे, तुमचं काम लोकांनी बघावं. आपल्या बाजारात आता कोण बघतं? ठोकळ्यासारख्या यंत्राच्या कात्र्या निम्म्या किमतीत मिळतात. मी हे सगळं स्वतःसाठी करतेय असं वाटतं का तुम्हाला? माझं हे खूळ मनापासून आवडलेलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. फोनवर न येणं, घरी असताना पाठ फिरवून बसणं, याने मला फार त्रास होतो.

आणि हे ऐका. म्हातारीचे तीन आठवडे संपले. काल स्वतः आली होती. म्हणाली, "चाळीस वर्षं कात्र्या विकतेय, पण साठच्या साठ एका आवाजाच्या कधी पाहिल्या नव्हत्या. तो कान कोणाचा आहे?" मी तुमचं नाव सांगितलं, तिच्या वहीत लिहूनही दिलं.

कारागिराचं नाव बदलायचं तर नवा फॉर्म द्यायची मुदत पाच एप्रिल आहे. तुम्ही येणार नसाल तर प्रात्यक्षिक नाही, आणि म्हातारी तिच्या अटीवरून हलणारी नाही. मग मीही इथलं आवरते आणि परत येते. आपण पूर्वीसारखं विकू, जितके दिवस विकलं जाईल तितके दिवस. तुम्ही सांगाल तसं.

भिंगरी


७ मार्च

माझ्या भिंगरे,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. काकू म्हणाली, आता चौथं फाडलंत तर मीच लिहीन. म्हणून लिहितोय.

मला ऐकू येत नाही.

डावा कान तीन वर्षांपूर्वीच गेला. ते मी कोणाला कळू दिलं नाही, उजव्यावर भागत होतं. तू प्रशिक्षणाला गेलीस त्याच सुमारास उजवाही गेला. डॉक्टरला दाखवलं. इतकी वर्षं ऐरणीवर बसलात, आणखी काय होणार होतं, असं त्याने कागदावर लिहून दिलं. कानात घालायचं यंत्र आणलंय. त्याने समोरच्याचं बोलणं थोडंफार कळतं. पण फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं, आणि कात्रीचा आवाज त्यातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो. चांगली आणि वाईट दोन्ही सारख्याच.

तुझ्या त्या साठ कात्र्या मी ऐकलेल्या नाहीत. काकूने ऐकल्या आहेत.

कसं झालं ते सांगतो. ऑक्टोबरमध्ये मी एक कात्री ठीक म्हणून बाजूला ठेवली. ही आतून हात पुसत आली, ती उचलून माझ्यासमोर धरली आणि नाही अशी मान हलवली. मला राग आला. मग मी ती कापडावर चालवून बघितली तर मधोमध चावली. चौतीस वर्षं ही भिंतीपलीकडे स्वयंपाक करतेय आणि चौतीस वर्षं माझी प्रत्येक कात्री ऐकतेय. मला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, आधी कधी बोलली का नाहीस? म्हणाली, आधी तुमची चुकत नव्हती.

तेव्हापासून ती भाजीची परडी घेऊन शेजारी बसते. परडी लोकांना दाखवायला असते. मी कात्री मिटवतो, ती माझ्या गुडघ्यावर बोट टेकवते. एकदा म्हणजे चांगली, दोनदा म्हणजे पुन्हा ऐरणीवर. हात माझे, कान तिचे. आणि फॉर्मवर मात्र मी लिहिलं, मालक स्वतः. ती शेजारीच उभी होती, तिने वाचलं आणि परडी उचलून आत गेली. त्या रकान्याची मला रोज लाज वाटते.

तुला सांगितलं नाही कारण तू सगळं टाकून परत आली असतीस. तू चार दिवस घरी होतीस तेव्हा पाठ फिरवून बसलो, कारण तोंड समोर केलं असतं तर तुला लगेच कळलं असतं. तुला वाटलं मी रुसलोय. मी ते तसंच वाटू दिलं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक, हे काकूलाही सांगितलेलं नाही. तुझा आवाज मी रोज सकाळी आठवून बघतो. तू लहानपणी कारखान्यात शिरताना "काका, आले!" म्हणायचीस, तेवढंच. विसरेन की काय अशी भीती वाटते. तुझं खूळ मला आवडतं, भिंगरे. पहिल्या दिवसापासून आवडतं.

आता सल्लागार बाईंना आणि त्या म्हातारीला खरं सांग. साठ कात्र्या परत घ्याव्या लागल्या तर घेऊ.

तुझा,
काका


१९ मार्च

काका,

तुमचं पत्र मी गोदामाच्या मागे खोक्यांमध्ये बसून वाचलं आणि पोटभर रडले. तुमच्यासाठी रडले, आणि मी किती मूर्ख आहे म्हणूनही रडले. मी तुमच्या पाठीकडे चार दिवस बघत होते आणि मला एवढंही कळलं नाही.

मग तोंड धुतलं आणि सल्लागार बाईंकडे गेले. वाटलं, खोटा फॉर्म भरला म्हणून आता आपल्याला दालनातून काढतील. त्यांनी ऐकून घेतलं, फाइल काढली आणि दुरुस्तीचा कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "तपासणारा माणूस बदलला, तर बदललेला लिहायचा. यात काढण्यासारखं काय आहे?" मग म्हणाल्या, "पण सहाशे कात्र्या एकाच माणसाच्या कानावर उभ्या ठेवू नका. आणखी दोघांना तयार करा. उद्या त्यांना ताप आला तर काय करणार?" याचा मी विचारच केला नव्हता. आपली पॉलिशवाली मावशी शिकेल का? तिला विचारा.

म्हातारीलाही सांगितलं. कात्र्या परत घेऊ का म्हणून विचारलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं जणू माझंच डोकं फिरलंय. "मला त्या माणसाला बघायचं होतं," म्हणाली, "मग ती बाई असेल तर बाईला बघीन."

कारागिराचा खर्च एकाचाच मिळतो, काका. आणि तपासणारी काकू आहे. प्रात्यक्षिकात बाक मी देते. तुम्हीच शिकवलंय, हात अजून विसरलेला नाही. रोज संध्याकाळी दालनामागे ठोकत बसते, ब्रशवाले कानात बोटं घालतात.

या वेळी विचारते. काकूला पाठवाल?

तुमची,
भिंगरी


१८ एप्रिल

अहो,

लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि तुम्हाला हे माझं पहिलं पत्र. पत्र लिहायला माणूस लांब जावं लागतं, ते आपण कधी गेलोच नाही. काय लिहितात ते मला माहीत नाही, जमेल तसं लिहिते.

विमानात मी तीन तास डोळे मिटून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं देवाचं नाव घेतेय. मी डब्यातलं लोणचं सांडलं असेल का याचा विचार करत होते. सांडलं नव्हतं.

परवा ते प्रात्यक्षिक झालं. तीसेक माणसं होती, निम्मे म्हातारे शिंपी. पोरीने पहिल्यांदा बाक दिला, मिटवली, मी नाही अशी मान हलवली. पुन्हा दिला, पुन्हा हलवली. लोक हसायला लागले, तिचे कान लाल झाले. तिसऱ्यांदा तिने तुमच्यासारखाच जिभेचा शेंडा बाहेर काढून ठोकलं, आणि बरोबर आवाज आला. मी बोट वर केलं. मग त्या म्हातारीने तीच कात्री घेतली, ओलं कापड एका दमात कापलं आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. तिचा हात तुमच्यासारखाच खरखरीत आहे.

सहाशेचं नक्की झालं. दर दोन महिन्यांनी शंभर, आपल्याला झेपेल तसं. कागद सल्लागार बाईंनी ओळ न् ओळ वाचून दिला, मगच पोरीला सही करू दिली. बाई कडक आहे, पण मनाने चांगली आहे.

तिथे मला एक फॉर्म दिला. त्यात "व्यवसाय" होतं. मी सवयीने काही लिहिणार नव्हते, पण पोरगी बघत होती. मग लिहिलं, "कात्री तपासते." लिहून झाल्यावर बराच वेळ त्याकडे बघत बसले.

लोक विचारत होते की बाक कोण देतं. मी सांगितलं, घरी आहेत, मी नुसती ऐकते. तुम्ही फॉर्मवर काय लिहिलंत ते मी तेव्हाच वाचलं होतं. मला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण आता ते गेलं.

वेळेवर जेवा. आम्ही दोघी दहा मेला निघतोय.

तुमची,
मी


२७ एप्रिल

अगं,

पत्र आज दुपारी आलं. पोस्टमनने दार वाजवलं असेल, मला कळलं नाही, खिडकीतून हात हलवला तेव्हा कळलं. ऐरणीवरच बसून वाचलं. पॉलिशवाली विचारत होती काय झालं, मी तिलाही वाचून दाखवलं. "तुमची, मी" एवढं सोडून.

सहाशेचा आनंद झाला. पण फॉर्मवर तू जे लिहिलंस त्याचा त्याहून जास्त झाला. ते मी तुझ्याआधी लिहायला हवं होतं. माफ कर. कारखान्याच्या कागदांवर आजपासून तेच लिहायचं ठरवलंय.

पॉलिशवालीला ऐकायला शिकवतोय. शिकवतोय कसलं, मी मिटवतो आणि ती घाबरून माझ्याकडेच बघते. वीस कात्र्या बाक देऊन बाजूला ठेवल्या आहेत. त्यांना हो म्हणायला कोणी नाही.

मी जेवतो वेळेवर, खोटं नाही. दोन ताटं वाढून ठेवली होती परवा, मग एक परत ठेवलं. तू घरात असताना भांडी आपटायचीस, मला बोलायचीस, स्वतःशी गुणगुणायचीस, यातलं मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी घर भरलेलं असायचं. माझे कान जाऊन इतके महिने झाले, पण घर शांत झालं ते तू गेल्यावर. आता ये लवकर.

तुझा,
मी